‘घोरतो’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी

माटोळी | रविवार, रात्री ११:५०

रायबंदरहून चोडणला फेरीबोट किती वेळात पोचते ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस गाडीतून उतरून कठड्याला टेकतो न टेकतो तोवर पैलतीर येतो. परवा तेवढ्या वेळात माझा नवरा स्टेअरिंगवर झोपला. नुसती डुलकी नव्हे, चक्क घोरायला लागला. पुढच्या गाड्या उतरून गेल्या, मागचे हॉर्न मारतायत आणि मी खांदा धरून हलवतेय. जागा झाल्यावर म्हणतो कसा, "डोळे मिटले होते फक्त."

वय ४७. पूर्वी खाणीवर स्वतःचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर तो विकला आणि टॅक्सी घेतली. आता दाबोळी आणि मोपा, दोन्ही विमानतळांवरची रात्रीची भाडी. त्यामुळे हा दिवसा पेंगतो म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "रात्रभर गाडी चालवतो, झोप येणारच." दोन वर्षं मीही तेच म्हणत होते.

या दोन वर्षांत काय काय झालं ते सांगते. बीपीची एक गोळी होती, दोन झाल्या, आता तीन आहेत, तरी परवा १५०/९६. रात्री तीन-चारदा लघवीला उठतो म्हणून प्रोस्टेटची सोनोग्राफी केली, ठीक निघाली. साखर काठावर. सकाळी डोकं दुखतं म्हणून चष्मा बदलला. झोप नीट होत नाही म्हणाला तर झोपेची अर्धी गोळी दिली. एकेक गोष्ट वेगळी धरली तर कोणाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

पण रात्री जे होतं ते कोणी बघितलंच नव्हतं, माझ्याशिवाय. घोरणं चढत चढत जातं आणि एकदम बंद. पोट हलतं, वारा मात्र नाही. मी अंधारात आकडे मोजते. पंचवीस, कधी तीस. मग पाण्यातून वर आल्यासारखा हबकून श्वास घेतो आणि पुन्हा सुरू. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण मी आत जातच नव्हते. हा आत, मी बाहेर बाकावर.

गेल्या आठवड्यात आत गेले आणि सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. त्यावर एकच ओळ : घोरतो, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवत आहे. त्या तज्ज्ञांनी नाकात बघितलं, हाड वाकडं आहे म्हणाले, ऑपरेशन सुचवलं.

आता ऑपरेशन करावं की आधी झोपेत श्वास तपासतात ती झोपेची टेस्ट? आणि टेस्टसाठी नेमकं कोणाकडे जायचं?

---

शिरोड्याचा पाव | सोमवार, सकाळी ६:१५

माटोळीताई, आधी टेस्ट. मी चार वर्षं मास्कमधून हवा देणारं मशीन लावून झोपतोय, म्हणून अधिकाराने सांगतो. माझ्याही नाकाचं हाड वाकडं आहे, अजून तसंच आहे. अडथळा माझ्या नाकात नव्हताच, घशात होता. सविस्तर संध्याकाळी लिहितो, आता बस गाठायची आहे.

---

खवचट | सोमवार, सकाळी ९:०२

आमचे आजोबा नव्वदीपर्यंत घोरले. सगळ्या वाड्याला ऐकू यायचं. कोणी त्यांच्या बोटाला क्लिप लावली नाही. हल्ली घोरायलाही चिठ्ठी लागते!

---

दुधसागर_लोकल | सोमवार, दुपारी २:४०

खवचटराव, आजोबा टॅक्सी चालवत होते का?

माटोळीताई, मी एमबीबीएस डॉक्टर. बरीच वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात काढली, आता स्वतःचा दवाखाना आहे. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. समर्थन म्हणून नाही, समजावं म्हणून.

पावसाळ्यात सकाळच्या ओपीडीत तापाचीच रांग असते. डेंग्यू की लेप्टो हे डोक्यात घोळत असताना बीपीचा पेशंट आत येतो. त्याला गोळ्या लिहून हव्या असतात. मी बीपी बघतो, एक गोळी वाढवतो, पुढचा. "तुम्ही घोरता का?" हे माझ्या तोंडी येत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही, कारण तो झोपलेला असतो! या आजाराचा साक्षीदार नेहमी दुसरा माणूस असतो. मी स्वतः अशी प्रकरणं हुकवली आहेत. एका पेशंटला लघवीसाठी दोनदा सर्जनकडे पाठवलं होतं, शेवटी कारण हेच निघालं.

लघवीचं कोडं सुटलं की बाकीचं आपोआप जुळतं, म्हणून आधी ते. घसा मिटलेला असताना माणूस आतून जोर लावून श्वास ओढायला बघतो. हवा येत नाही, पण छातीच्या पोकळीत ओढ तयार होते आणि हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंड पाणी बाहेर टाकायला लागतं. प्रोस्टेट बिचारं निर्दोष. बीपीचंही तसंच. दर वेळी श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो, शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं, रात्रभर. तीन औषधं देऊनही बीपी हटत नसेल तर स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, आहे का हे शोधायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. आम्ही चौथी गोळी शोधतो.

आता चिठ्ठी. ‘घोरतो’ एवढंच लिहिलं तर घोरण्याकडेच बघितलं जातं, तज्ज्ञांनी तेच केलं. प्रश्न चुकीचा विचारला होता. तुमच्या डॉक्टरांकडे परत जा आणि छातीरोगाच्या ओपीडीसाठी नवीन चिठ्ठी मागा. त्यात रोगाचा संशय स्पष्ट शब्दांत हवा : झोपेत श्वास थांबतो, पत्नीने पाहिलं आहे, स्लीप स्टडी व्हावी. धंदा ड्रायव्हर आहे, हे वरच्या ओळीत. चाकावर झोप लागल्याची घटना, म्हणजे तुमची फेरी, तारखेसकट. बीपीच्या तिन्ही औषधांची नावं आणि त्यांवरचं रीडिंग. उंची, वजन, गळ्याचा घेर. चालू गोळ्या, झोपेच्या गोळीसकट. टीएसएच आणि ईसीजी झाला नसेल तर इथेच करून रिपोर्ट जोडा, कारण थायरॉइड कमी असला तरी हेच चित्र दिसतं आणि तिथे जाऊन त्यासाठी परत फिरायला नको.

त्या अर्ध्या गोळीबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा. त्या जातीच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि अडकलेल्या श्वासाने जाग यायची तीही उशिरा येते. मात्र रोज घेत असेल तर मनाने एकदम तोडू नका.

---

माटोळी | सोमवार, दुपारी ४:१०

डॉक्टर, गळा मोजला. ४३ सेंटिमीटर. टेप लावताना म्हणाला, "बैल विकायला काढलाय काय?" वजन ९१, उंची १७१.

---

दुधसागर_लोकल | सोमवार, रात्री ९:२०

म्हणजे बीएमआय ३१. स्टॉप-बँग नावाची एक साधी यादी आहे, हो-नाहीचे आठ प्रश्न. घोरणं, दिवसाचा थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहिला का, बीपी, बीएमआय ३५ च्या वर का, वय पन्नाशीच्या पुढे का, गळा ४० सेंटिमीटरच्या वर का, पुरुष का. तुमच्या मिस्टरांना वय आणि बीएमआय सोडून सगळे लागू, सहा गुण. पाच आणि त्यावर म्हणजे धोका मोठा.

ही यादी टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केली. त्या भूलतज्ज्ञ. ऑपरेशनला येणाऱ्या कोणत्या पेशंटचा श्वास भुलीनंतर दगा देईल ते आधी कळावं म्हणून ती बनवली. आता सांगा, नाकाचं ऑपरेशन आधी की टेस्ट आधी? नाकाचं हाड सरळ केलं तर श्वास मोकळा वाटेल, पुढे मशीनचा मास्कही सोपा जाईल, पण तेवढ्याने हा आजार सहसा जात नाही.

---

अबोली | सोमवार, रात्री १०:३५

डॉक्टरांच्या यादीला माझी एक हरकत. माझी आई ६१ वर्षांची, वजन ४८ किलो, गळा माझ्या मनगटाएवढा. त्या यादीत तिला दोन गुण मिळाले असते. घोरणंही मांजरीएवढं. तिची तक्रार एकच, झोप लागत नाही आणि सकाळी उठल्यावर ओझं वाहून आल्यासारखं वाटतं. तीन ठिकाणी ऐकलं, "वयाचं आहे." एके ठिकाणी "मनाला लावून घेऊ नका." शेवटी एका दंतवैद्याला संशय आला! कवळीचं माप घेताना म्हणाले, खालचा जबडा फार मागे आहे, जिभेला जागा नाही, झोपेत श्वास कसा घेता?

घरी करायची टेस्ट केली, आकडा आला ४. म्हणजे नॉर्मल. आम्ही सुटलो म्हणून घरी आलो आणि पुढचं वर्ष वाया घालवलं. नंतर लॅबमध्ये रात्रभर झोपवून केली तेव्हा १४.

---

झुआरीकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

अबोलीताईंच्या आईचं असं का झालं ते सांगतो, मी याच कामात आहे.

आकडा म्हणजे एएचआय. तासाला किती वेळा श्वास पूर्ण थांबला किंवा अर्धवट अडला, प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद. पाचच्या खाली नॉर्मल, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. घरच्या टेस्टमध्ये नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप असते. डोक्याला तारा नसतात, म्हणून पेशंट झोपलाय की छताकडे बघत पडलाय ते बहुतेक यंत्रांना कळत नाही. ती भागाकार करतात मशीन चालू होती त्या तासांनी. आई सात तास पडून होत्या आणि झोपल्या चारच तास, तर श्वास अडला चार तासांत आणि भागलं सातने. आकडा खाली येणारच. शिवाय कधी श्वास अडला तरी ऑक्सिजन फारसा न उतरता नुसती झोप मोडते, ते पकडायला मेंदूच्या तारा लागतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, रजोनिवृत्तीनंतर तर आजारच वाढतो. म्हणून घरची टेस्ट ‘आहे’ म्हणाली तर मानायचं, ‘नाही’ म्हणाली आणि लक्षणं तशीच असली तर लॅबमध्ये जायचं.

माटोळीताईंच्या केससाठी घरची टेस्ट बहुधा पुरेल. घोरण्याचा आवाज इतक्या लांबून मलाच ऐकू येतोय. टेस्टच्या रात्री भाडं घ्यायचं नाही एवढं बघा. पहाटे चारला येऊन दोन तास झोपला तर ती रात्र वाया.

---

शिरोड्याचा पाव | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

उशीर झाला, माफ करा. टेस्टचं सगळ्यांनी सांगितलं, मी पेशंटच्या खोटेपणाबद्दल सांगतो.

तुमच्या मिस्टरांना एपवर्थचा कागद देतील. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांचा १९९१ चा. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता शून्य ते तीन. वाचताना, टीव्ही बघताना, सभेत बसल्यावर, गाडीत तासभर नुसतं बसल्यावर, कोणाशी बोलताना, जेवणानंतर दारू न घेता बसल्यावर, गाडी ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर. आणि एक प्रश्न, दुपारी आडवं झाल्यावर झोप लागते का! गोव्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे तीन गुण फुकट वाटायचे. दुपारी दुकानाचं दार ओढून घेणारा प्रत्येक माणूस रोगी ठरेल.

गंमत सोडा. मी तो कागद भरला तेव्हा ५ लिहिले. नोकरी जाईल ही भीती. बायकोने माझ्यासमोर दुसरा कागद भरला, १६. दहाच्या वर गेलं की डॉक्टर लक्ष देतात. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बायकोचा फाइलला लावला. ड्रायव्हर माणूस तर हमखास कमी लिहिणार, लायसन्स डोळ्यांसमोर दिसतं. तेव्हा ताई, तुम्ही वेगळा भरा.

आणि आता उर्राकचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस. दोन ग्लास पोटात गेले की घसा सैल सुटतो. माझ्या बायकोचं म्हणणं, त्या रात्री मशीनशिवाय झोपलो तर आवाज तळ्यापलीकडे जातो.

---

खवचट | मंगळवार, रात्री ८:०५

फेरीवाला प्रसंग मघाशी नीट वाचला नव्हता. मागे घेतो. आजोबा साठीनंतर बैलगाडीतही बसले नाहीत.

---

माटोळी | मंगळवार, रात्री ११:३०

कागद दोघांनी भरला. त्याचे ४, माझे १७. भांडण झालं. म्हणाला, "सीझन संपेपर्यंत थांबूया, टेस्टमध्ये काही निघालं तर गाडी कोण चालवणार?" त्याचं खोटं नाही. डिसेंबर ते मार्चच्या पैशांवर आमचा पावसाळा निघतो. मी म्हटलं, रात्रीची भाडी दिराला दे. तो गप्प बसलाय. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे आमच्याकडे, चौघांचं, चार लाखांचं. त्याचा उपयोग होईल का?

---

दुधसागर_लोकल | बुधवार, सकाळी ७:१०

कार्ड खिशात ठेवा, पण मशीनचं त्यातून भागेल असं धरून चालू नका. ती योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते, मुख्यतः इस्पितळात दाखल करून करायच्या. काउंटरवर टेस्टचं आणि मशीनचं वेगवेगळं विचारा.

रात्रीची भाडी मात्र आजपासून बंद. रिपोर्टची वाट बघायची नाही. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला हे काही ठाऊक नसतं.

---

माटोळी | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ३:००

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

आमच्या डॉक्टरांकडे परत गेले, जरा भीतभीतच, की रागावतील. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही आधी का नाही आत आलात?" मग स्वतःच बसून लिहिलं. चिठ्ठीचा फोटो माझ्याकडे आहे, नावं गाळून उतरवते : "वय ४७, व्यावसायिक चालक. पत्नीने झोपेत श्वास थांबताना वारंवार पाहिले आहे. अमुक तारखेला गाडीत स्टेअरिंगवर झोप लागली. तीन औषधांवर बीपी १५०/९६. गळा ४३ सेंमी, बीएमआय ३१, स्टॉप-बँग ६. एपवर्थ स्वतः ४, पत्नीच्या मते १७. टीएसएच व ईसीजी नॉर्मल, सोबत जोडले आहेत. झोपेची गोळी कमी करत आणली आहे. स्लीप स्टडी लवकर व्हावी ही विनंती."

ती घेऊन बांबोळीला सरकारी मेडिकल कॉलेजात छातीरोगाच्या ओपीडीत गेलो. आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वाचली, मान वर केली आणि पहिला प्रश्न यालाच विचारला, "गाडी कोणी चालवत आणली?" दिराने, म्हटलं.

टेस्टचा आकडा ४१. ऑक्सिजन ७२ पर्यंत उतरला होता. रिपोर्टवर तो आलेख असतो ना, करवतीच्या दातांसारखा, तो याने बराच वेळ बघितला. मी दोन वर्षं अंधारात मोजत होते ते सगळं तिथे छापलेलं होतं. नाकाचं ऑपरेशन तूर्त नाही. सीपॅप, म्हणजे तेच हवेचं मशीन, सुरू केलंय, आधी ट्रायलवर. पाचव्या रात्री तो लघवीला उठलाच नाही. बीपीचं अजून काही म्हणत नाही मी, डॉक्टर म्हणाले इतक्यात बघू नका.

एक प्रश्न. आमच्याकडे पावसात लाईट जाते, तीही रात्रीच. मास्क तोंडावर असताना मशीन बंद पडलं तर?

---

शिरोड्याचा पाव | शनिवार, दुपारी ४:४५

गुदमरत नाही. मास्कला हवा बाहेर जायची भोकं असतात, तोंडावरच्या मोठ्या मास्कला वेगळी झडपही असते. हवा बंद झाली की जाग येते, मास्क काढायचा. इन्व्हर्टर असेल तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी टाकी, बंद ठेवून चालवा, वीज खातो तो हीटरच. आपल्या पावसात तशीही हवा ओलीच असते. पाणी रोज ओतून टाकायचं, टाकी पुसून वाळवायची, नाहीतर आतून काळी बुरशी धरते.

आणि कोणी स्वस्तात जुनं मशीन देतो म्हणाला तर आधी मॉडेल तपासा. २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजून कण हवेत येतात म्हणून लाखो मशीन्स जगभर परत मागवली. त्यातली जुनी अजून कोणाच्या कपाटात असतील.

मिशी आहे का त्यांना? असेल तर हवा गळेल. मी काढली.

---

माटोळी | शनिवार, रात्री ९:१०

मिशी आहे. तो विषय मी काढणार नाही, तुम्हीच फोन करा.

दुसरंच सांगायचं होतं. रात्रीची भाडी आता दीर मारतो ना, काल सहज म्हणून त्याच्या गळ्याला टेप लावली. ४२. जाऊबाईंना विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं मी एकटीच मोजते." सोमवारी दोघांना डॉक्टरांकडे नेतेय. दीर म्हणतो, मी एकटा जाऊन येतो. जाऊबाई आत येणार आहेत.